ड्रायव्हरशेजारची सीट

१

दुपारचा चहा झाला की आई कप विसळून ठेवायची, भिंतीला बोटं लावायची आणि मागच्या दाराने गॅरेजकडे निघायची. काचबिंदूने डोळे गेल्यापासून तिचा एवढा एकच नेम उरला होता. गॅरेजमध्ये वडिलांची जुनी गाडी उभी असे. काळी, गोल बोनेटची, हल्ली रस्त्यावर बघायलाही न मिळणारी. आई चाचपडत मूठ शोधायची, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायची आणि दार ओढून घ्यायची. त्या दाराचा आवाज पत्र्याचा नव्हता. जड, भरीव आवाज, तिजोरी लावल्यासारखा. धप्प. मग आई आत बसून बोलत राहायची.

कुणाशी बोलते, हे घरात कुणी विचारत नसे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाडी तेव्हापासून जागची हलली नव्हती.

मुलगा बाळू. पन्नाशी उलटली तरी नाव बाळूच. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून साचे यायचे आणि घराची पुढची खोली प्लॅस्टरच्या धुळीने पांढरी झालेली असायची. पाहुण्याला खुर्ची द्यायची तर आधी तिच्यावरचा कुणाचा तरी जबडा उचलावा लागे. हे सगळं गॅरेजमध्ये हलवा म्हणून बायको कधीची मागे लागली होती.

गाडी काढून टाकायची तर लोकांना सांगायला ते कारण बरं होतं. खरं कारण वेगळं होतं. एका दुपारी एक तरुण दंतवैद्य आपल्या मैत्रिणीला घेऊन साचे द्यायला आला. गॅरेजचं दार उघडं होतं. आत आई बंद गाडीत बसून हातवारे करत, लाजत, हसत बोलत होती. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओठ दाबले. बाळूचे कान तापले. त्या रात्री त्याला आईची दया आली नाही, रागही आला नाही. फक्त लाज वाटली, आणि ती लाज काही केल्या उतरेना.

पुढे ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, की देशाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गाड्यांचा एक शौकीन आहे, तो ही गाडी डोळे झाकून घेईल. बाळूने त्याच संध्याकाळी फोन लावला.

२

गाडी चालवत नेण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून ट्रान्सपोर्ट कंपनी गाठावी लागली. फोनवरची बाई मोठी चटपटीत होती.

"सर, उघड्या ट्रेलरवर पाठवायची की बंद?"

"फरक काय पडतो?"

"उघड्यावर धूळ, ऊन, उडणारे दगड. जुन्या गाड्या लोक बंदच पाठवतात. आत काळोख असतो, पण गाडीला काय त्याचं?" ती हसली. "बॅटरीची वायर काढून ठेवा, पेट्रोल जवळजवळ रिकामं करा. आणि आत कुणाचं काही राहिलंय का ते नीट बघा. मागाहून आमच्याकडे मागितलं तर मिळायचं नाही."

बंद ट्रेलर येणार त्या सकाळी बायको आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मी नेते. पण त्यांना सांगायचं काम तुमचं. माझ्या गळ्यात मारू नका."

ट्रेलर गल्लीत वळेना. शेवटी शेजारीपाजारी गोळा झाले आणि गाडी ढकलत नाक्यापर्यंत नेली. समोरची शिंपीणकाकू गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आली होती.

"आईंना सांगितलंत ना?"

"सांगितलं की," बाळू म्हणाला आणि बोनेटला हात लावून नको तितक्या जोराने ढकलू लागला.

ट्रेलरचा ड्रायव्हर गोल अंगाचा, बोलका माणूस होता. त्याने विंचच्या दोराने गाडी आत ओढली, चाकांना पट्टे आवळले, पट्ट्यावर थाप मारून पाहिली. "निर्धास्त राहा साहेब. रोज संध्याकाळी फोन करीन. मोठा पल्ला आहे, पण बाईसाहेबांना एक ओरखडा येऊ देणार नाही." जुन्या गाड्यांना तो बाईसाहेब म्हणायचा.

आई परत आली तेव्हा बाळू गॅरेज झाडत होता. फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता. चहाच्या वेळी सांगू, असं त्याने ठरवलं. चहाला आई व्यायाम शिकवणाऱ्या मुलीची नक्कल करून दाखवत होती, सूनबाई खळखळून हसत होती. एवढ्या हसण्यात ते वाक्य कुठे घालायचं ते त्याला कळेना. आईने कप विसळला आणि भिंतीला बोटं लावली.

३

तो पुढच्या खोलीत जाऊन बसला. हातात एक साचा घेतला आणि ब्रशने उगाच झाडत राहिला. कान मागे लागले होते. आता ती हात पुढे करील, हाताला काही लागणार नाही. मग हाक मारील. कदाचित पडेल. उठून जावं असं वाटत होतं, पण जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे तोंड दाखवायचं.

हाक आली नाही. आवाज आला.

धप्प.

ब्रश त्याच्या हातातच राहिला. वाऱ्याने गॅरेजचं दार लागलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण गॅरेजचं दार पत्र्याचं होतं. ते लागलं की गल्लीभर कर्कश वाजायचं.

आई नेहमीच्या वेळेला परत आली. चेहरा शांत होता. "उद्या समोरची काच पुसून घे रे," ती म्हणाली. "हे म्हणतात, पुढचं काही दिसत नाही. मी म्हटलं, अहो, मला तरी कुठे दिसतंय? दोघंही हसलो."

बाळूने बायकोकडे पाहिलं. आई झोपायला गेल्यावर बायको हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना कळलंय. रिकाम्या गॅरेजमध्ये उभ्या राहून आल्या असतील. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून वाट बघतायत."

हे त्याला पटलं. दाराचा आवाज सोडला तर सगळंच त्यात बसत होतं. आई आपल्याला संधी देते आहे, आणि आपण एखाद्या पोराने फुटकी बशी लपवावी तसे गप्प बसलो आहोत. तो अंथरुणात कूस बदलत राहिला.

त्याआधी संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन येऊन गेला होता. "बाईसाहेब मजेत आहेत. फक्त दुपारी डाव्या अंगाला बसल्या."

"बसल्या म्हणजे?"

"स्प्रिंग दबली, साहेब. पुढे माणूस बसला की दबते ना, तशी. पट्टा सैल पडला म्हणून मी आवळला. मग थोड्या वेळाने बघतो तर पट्टा तुटेल इतका ताणलेला. म्हणजे पुन्हा वर आली असणार. जुनं लोखंड. चालायचंच."

४

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी सांगायचं असं ठरलं होतं, पण एक दंतवैद्य कवळी परत करायला आला आणि ती वेळ निघून गेली. खरं तर बाळूनेच त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. मागून धप्प असा आवाज आला तेव्हा त्याने आवाज चढवला.

दंतवैद्य गेला. बायको वाळलेले कपडे आणायला मागे गेली आणि तशीच रिकाम्या हाताने परतली.

"आई कुठायत?"

"गॅरेजमध्ये."

"नाहीयेत. मी बघून आले. बाजूच्या बोळात नाहीत, न्हाणीघरात नाहीत. फाटकाला आतून कडी आहे."

दोघंही मागच्या दाराकडे निघाले आणि तेवढ्यात आई त्याच दारातून आत आली. भिंतीला बोटं लावून, सावकाश. केस विस्कटले होते. कपड्यांना डिझेलचा उग्र वास येत होता. बायको एक पाऊल मागे सरकली.

आईने हवेत हात फिरवून बाळूचा चेहरा शोधला आणि दोन्ही हातांनी धरला.

"तू गाडी दुरुस्त करून घेतलीस," ती म्हणाली. "आणि मला बोलला पण नाहीस. इतक्या वर्षांनी ह्यांनी आज फिरवून आणलं रे. काय सुरेख चालते. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, आपला बाळू बोलत नाही, पण मनात सगळं ठेवतो."

तिला दिसत नव्हतं, तरी बाळूने मान खाली घातली. तिच्या हातांत त्याचा चेहरा तापत होता आणि ती ऊब तिला नक्की कळत असणार. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"सांगा ना," बायको मागून पुटपुटली.

"हो, आई," तो म्हणाला. "तुला आवडेल म्हणूनच केली दुरुस्त."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या खोलीत निघून गेला.

५

त्यानंतर आईला परतायला रोज थोडा जास्त वेळ लागू लागला. ट्रेलर डोंगर उतरून समुद्राच्या बाजूला लागला होता. ते ड्रायव्हर सांगायचा, आणि त्याच्याआधी आई सांगायची. "आज खारं वारं होतं. हे म्हणाले, खाली उतरू, पण दारं बाहेरून बांधलेली. मग बसल्या बसल्याच वास घेतला." पोटभर जेवल्यासारखी ती समाधानी दिसायची. पण हात बर्फासारखे असायचे, आणि पलंगावर टेकताना म्हणायची, "जायला काही वाटत नाही. परत यायला मात्र लांब पडतं."

आई आत असताना गॅरेजमध्ये डोकावून बघावं, हे बाळूला सुचत नव्हतं असं नाही. तो मागच्या दारापर्यंत जायचा. तिथून गॅरेजची अर्धी फरशी दिसायची, तेलाचा डाग दिसायचा. पुढे पाऊल उचलत नसे. आत आई नुसती उभी असेल तर तिचे हाल बघायचे, आणि नसेल तर ते बघायचं. दोन्हींपैकी काहीच त्याला नको होतं.

एक दिवस अंधार पडला तरी ती आली नाही. आली तेव्हा उंबऱ्यावरच बसली आणि तिथेच भिंतीला डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळूने ट्रान्सपोर्ट कंपनीला फोन लावला.

"गाडी परत फिरवा."

"सर, गाडी उद्या पोहोचतेय. आता ती त्यांची. ते हो म्हणाले तर फिरवू, नाहीतर आमच्या हातात नाही."

मग त्याने शौकिनाला फोन केला. शौकीन सभ्य माणूस होता. बाळू काही बोलायच्या आधीच त्याने त्याचे आभार मानले.

"हॉल तयार ठेवलाय मी. काचेची खोली केलीय तिच्यासाठी. आत हवा कोरडी ठेवणारं मशीन आहे. दारं एकदा बंद केली की पुन्हा उघडायची नाहीत, रबर झिजतं. आता तिला कुणाचा हात लागणार नाही, तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

"मला ती परत हवी आहे," बाळू म्हणाला.

"का? काही झालं का?"

काय सांगायचं? आमची आंधळी आई रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसते, तुमच्याकडच्या रस्त्यावर? त्याला तो दंतवैद्य आणि त्याची मैत्रीण आठवली, त्यांचे दाबलेले ओठ. वाक्य जिभेवर आलं होतं. एवढं एक वाक्य.

"नाही, म्हणजे," तो म्हणाला, "जरा भावनिक होतं. वडिलांची गाडी ना."

"समजू शकतो," शौकीन मायेने म्हणाला. "सगळ्यांचंच होतं असं. दोन दिवसांत शांत वाटेल."

बाळूने आभार मानून फोन ठेवला.

६

त्या दुपारी त्याने आईला सांगितलं. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. आज बरंच दूर जायचंय असं हे म्हणत होते, ती सांगत होती. बाळूने तिच्या हातातला कप काढून घेतला.

"आई, गाडी मी विकली. ती इथे नाहीये. तू दवाखान्यात गेली होतीस ना, तेव्हाच नेली."

आईचा चेहरा वळला तो नेमका त्याच्याकडे, दिसत असल्यासारखा.

"मग मी रोज कुठे बसते?"

"मला माहीत नाही."

"ह्यांना सांगितलंस का?"

बायकोने तोंडाला हात लावला.

"नसेलच सांगितलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दमल्यासारखा होता तो. "त्यांच्यासमोर तुझी जीभ कधी उचललीच नाही. राहू दे. मी सांगून येते."

"आई, जाऊ नकोस."

"न सांगता कशी राहू रे? ते वाट बघत बसतील."

ती निघाली. बाळू तिच्या मागे गेला आणि गॅरेजच्या तोंडाशी त्याने तिचा दंड धरला. आईने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने आणखी घट्ट धरला, तशी ती मोठ्याने म्हणाली, "सोड मला, बाळू." समोरच्या खिडकीत शिंपीणकाकूचं मशीन थांबलं. काकू उठून खिडकीशी आली. एक पोक्त मुलगा आपल्या आंधळ्या आईला दंडाला धरून ओढतो आहे, एवढंच तिथून दिसत असणार.

बाळूने हात सोडला. काकूकडे बघून तो हसला. काहीच नाही, अशा अर्थाचं, ओशाळं. त्या हसण्यापुरताच त्याने चेहरा वळवला होता.

धप्प.

त्याने वळून पाहिलं तेव्हा फरशीवर तेलाचा डाग होता. पुढच्या खोलीतून हलवून आणलेलं त्याचं कामाचं टेबल होतं. दुसरं काही नव्हतं.

७

रात्र झाली, सकाळ झाली, आई आली नाही. बातमी पसरली आणि सगळी गल्ली शोधायला बाहेर पडली. दंतवैद्यांनी आपल्या ओळखीपाळखीत फोन केले, शिंपीणकाकूने दुकान बंद ठेवलं. पोलीस येऊन गेले. नजर चुकवून बाहेर पडली असेल, असं बाळूने सर्वांना सांगितलं. फाटकाची कडी मीच काढून ठेवली होती, असंही सांगितलं. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि स्वतःला दोष देऊ नका म्हणत. बायको पोलिसांसमोर एक अक्षर बोलली नाही आणि त्याच्याशीही बोलायची थांबली.

तिसऱ्या प्रहरी ड्रायव्हरचा फोन आला. आज सकाळी गाडी उतरवून दिली, कुठे ओरखडा नाही, असं त्याने सांगितलं. नेहमीची गंमत मात्र केली नाही.

"उतरवताना कशी होती?" बाळूने विचारलं.

"कशी म्हणजे?"

"डावी बाजू."

"दबलेलीच होती, साहेब. या वेळी वर आलीच नाही. मी त्या मालकांना बोललो नाही. काय बोलणार? लोक हसतात."

बाळूने त्याच संध्याकाळी मिळेल ती बस धरली.

८

शौकिनाने त्याचं चांगलं स्वागत केलं. आई हरवल्याचं ऐकून त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, आणि अशा वेळी हा माणूस वडिलांच्या गाडीकडे ओढला गेला याचं त्याला नवल वाटलं नाही. हॉल उंच, स्वच्छ होता. काचेच्या खोलीत गाडी लखलखत होती. बाळूने ती इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती.

"एकच कटकट आहे," शौकीन म्हणाला. "गाडीच्या काचांना आतून वाफ धरते. मशीन चालू ठेवलं तरी धरते. पुसायला दार सारखं उघडावं लागतं, माझा माणूस कंटाळला."

"मी जरा आत बसू का?"

शौकीन घुटमळला, पण नाही म्हणवेना. त्याने मागचं दार उघडून दिलं. "पुढे नको, सीट आधीच खचलीय. मागे बसा."

बाळू आत शिरला आणि दार ओढून घेतलं. मशीनची घरघर बंद झाली. शौकीन काचेपलीकडे होता, त्याचे ओठ हलत होते, पण ऐकू येत नव्हतं. आत ऊब होती. नुकतंच कुणी तरी बोलायचं थांबलं असावं, तशी शांतता होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं कातडं खोल दबलं होतं. तिथे कुणी नव्हतं. दोन्ही सीटवर कुणी नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "मी न्यायला आलोय. चल घरी."

वाफ धरलेल्या काचा थोड्या आणखी पांढरट झाल्या.

मग पुढून, अगदी जवळून, त्याने कितीतरी वर्षांत न ऐकलेला पुरुषी आवाज आला. सहज, रस्त्यावरची नजर न काढता बायकोला विचारावं तसा.

"मागे कुणी आहे का गं?"

बाळूची नजर वर गेली. समोरच्या छोट्या आरशात दोन डोळे होते. आईचे. पांढुरके झालेले नव्हते. स्वच्छ होते, काळे होते, आणि बघत होते. त्यांनी त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिला. ओळख नव्हती असं नाही. ओळख पुरेपूर होती. बाळूला ती नजर सोसेना आणि वळवताही येईना.

मग ते डोळेच आरशातून बाजूला झाले.

"नाही हो," आई म्हणाली. "कुणी नाही. चला तुम्ही."

तो किती वेळ तसाच बसला ते त्याला कळलं नाही. मग तो उतरला. त्याने दार हलकेच लावलं, आवाज होऊ न देता, झोपलेल्यांच्या खोलीचं लावावं तसं.

"बरं वाटलं?" शौकिनाने विचारलं. आणि मग, विचारायलाच हवं म्हणून, आवाज खाली आणून, "आईंचा काही पत्ता?"

बाळू गाडीला पाठ लावून उभा होता. पाठीमागची काच त्याच्या कोपराला गरम लागत होती.

"नाही," तो म्हणाला, जेमतेम ओठ हलवून, आत ऐकू जाऊ नये म्हणून.